पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, पण तेवढा जुना दगड कुठाय?

निवांत_पाखरू
मंडळी, शंका एकदम बेसिक आहे, हसायचं नाही. सगळीकडे पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं असं छातीठोकपणे छापलेलं असतं. पण जरा खोलात वाचायला गेलं की जुन्यात जुना खडक म्हणून कॅनडातल्या अकास्टा नाईसचं नाव येतं आणि त्याचं वय निघतं साधारण ४०० कोटी. मग वरचे ५४ कोटी आले कुठून? मोजलेत की हिशेब जुळवायला घातलेत?

आणि दुसरं, आत सगळा वितळलेला लाव्हा आणि त्याच्यावर पातळ कवच तरंगतंय हे जे चित्र डोक्यात आहे ते बरोबरे ना? एकजण मला ठासून सांगतोय की तसं अजिबात नाहीये.

शंकेखोर
आले ४५४ कोटीवाले. कोण गेलं होतं तेव्हा बघायला? केल्विनसारखा बाप भौतिकशास्त्रज्ञ २ ते ४ कोटी म्हणत होता, त्यालाही गणित येत होतंच की. अजून शंभर वर्षांनी काय आकडा निघेल देव जाणे.

खडकमाळ
पाखरू, शंका बेसिक असली तरी उत्तर तसं नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पृथ्वीने आपले सुरुवातीचे खडक शिल्लकच ठेवलेले नाहीत. आधी बाहेरून वस्तू आदळून आदळून सगळा पृष्ठभाग वितळलेला, मग थिजल्यावर पुन्हा अशनींचा, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांचा मारा, मग भूपट्ट, म्हणजे कवचाचे मोठाले तुकडे, एकमेकांखाली घुसून जुनं ते खाली आणि वर पाऊस-वारा आहेतच. समुद्राचा तळ तर इतका नवा आहे की २० कोटी वर्षांपेक्षा जुना तुकडा मिळणं मुश्कील. मग करायचं काय, तर ज्यांना यातलं काहीच भोगावं लागलं नाही अशांना पकडायचं. म्हणजे अशनी. ग्रह बनले त्याच धुळीच्या चकतीतून हेही बनले, पण कुठल्या ग्रहात सामील न होता तसेच भटकत राहिले.

क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकन केमिस्टने १९५६ मध्ये जो आकडा छापला तो होता ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी. त्याने घेतलेला मुख्य नमुना कॅन्यन डायाब्लो, म्हणजे ॲरिझोनातला तो प्रसिद्ध खड्डा ज्याने पाडला त्या लोखंडी अशनीचा तुकडा. यात गंमत अशी की त्या तुकड्यातल्या लोह-सल्फाइडच्या गाठींमध्ये शिसं आहे पण युरेनियम जवळपास नाहीच, म्हणजे तिथलं शिसं हे सूर्यमालेच्या सुरुवातीला जसं होतं तसंच राहिलंय, त्यात नवीन भर पडलेली नाही. बाकीच्या दगडी अशनींमध्ये युरेनियम आहे, ते हळूहळू शिशात बदलत गेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा वेळ) ४४७ कोटी वर्षं, त्याचं शिसं-२०६ होतं, आणि युरेनियम-२३५ चं ७० कोटी वर्षं, त्याचं शिसं-२०७. दोन घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालणारी, त्यामुळे एकाने गडबड केली तर दुसरं चुगली करतं. सगळे नमुने ग्राफवर मांडले तर एका सरळ रेषेत आले आणि त्या रेषेच्या चढावरून वय निघालं.

शंकेखोर
हे अशनीचं वय झालं. प्रश्न पृथ्वीच्या वयाचा होता ना? शेजाऱ्याचा जन्मदाखला दाखवून माझं वय कसं काय ठरवता?

खडकमाळ
पॅटरसनलाही हीच अडचण होती म्हणून त्याने पृथ्वीचाही नमुना घेतला. एखाददुसरा खडक घेऊन उपयोग नव्हता, सगळ्या खंडांची सरासरी पाहिजे होती, ती मिळते खोल समुद्राच्या गाळात, कारण नद्या सगळीकडचं धुऊन तिथेच नेऊन टाकतात. त्या गाळातलं शिसं त्याच रेषेवर येऊन बसलं. म्हणजे पृथ्वी आणि अशनी एकाच मालातून साधारण एकाच वेळी निघाले.

अवांतर: सुरुवातीला पॅटरसनचे आकडे काही केल्या जमेनात, कारण प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसं. भिंतीच्या रंगात, नळाच्या पाण्यात, काचेच्या भांड्यात, स्वतःच्या केसांवर. अशनीतलं शिसं त्याच्यापुढे काहीच नाही. त्याने सगळी खोली ॲसिडने घासूनपुसून, हवा गाळून घेऊन जवळपास पहिली अल्ट्राक्लीन लॅब उभी केली. आणि मग एवढं शिसं आलं कुठून हे शोधत पेट्रोलपर्यंत पोचला आणि उरलेली बरीच हयात पेट्रोलमधलं शिसं बंद करायच्या मागे घालवली. माझ्या मते तर वय शोधण्यापेक्षा हे काम मोठं.

गणिती_गाढव
केल्विनचा विषय निघालाच आहे तर थोडं पिंक टाकतो, कारण ही गोष्ट हमखास अर्धवट सांगितली जाते.

केल्विनने १८६२ मध्ये हिशेब मांडला तो असा: पृथ्वी सुरुवातीला पूर्ण तापलेली, मग बाहेरून थंड होत चालली. खाणीत खाली गेलं की तापमान किती वाढतं ते माहीत, खडकातून उष्णता किती वेगाने वाहते ते माहीत, मग तापमानाचा आजचा उतार यायला किती वेळ लागला ते काढा. उत्तर आलं २ कोटी ते ४० कोटींच्या मध्ये, आणि १८९७ पर्यंत त्याने ते आवळून २ ते ४ कोटींवर आणलं. भूगर्भवाले बोंबलत होते की एवढ्याशा वेळात एवढे थर साचूच शकत नाहीत, पण त्याच्या गणितापुढे कोणाचं काही चालेना.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बिचाऱ्याला रेडिओॲक्टिव्हिटी माहीत नव्हती, ती उष्णता धरली की झालं. नाही होत! तेवढी भर टाकूनही वय फारसं वाढत नाही, कारण उष्णता नुसती दगडातून झिरपत बाहेर येत असेल तर इतक्या वेळात पृष्ठभागाजवळचा शेदोनशे किलोमीटरचाच थर थंड होतो, खालच्याला पत्ताच नसतो. खरी मेख १८९५ मध्येच जॉन पेरीने काढली होती, आणि हा पेरी म्हणजे केल्विनचाच एकेकाळचा असिस्टंट. तो म्हणाला की सर, तुम्ही आतला भाग नुसता निपचित दगड धरलाय, तो जर हळूहळू ढवळला जात असेल तर खालची उष्णता सतत वर येत राहणार, पृष्ठभागाजवळचा उतार कितीतरी जास्त काळ तसाच टिकणार, आणि वय सहज शंभर कोटींच्या पुढे जाणार. कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

म्हणजे शंकेखोर, आकडा बदलला तो लहर फिरली म्हणून नाही. केल्विनचं गणित आजही बरोबरच येतं, त्यात घातलेली पृथ्वी चुकीची होती.

चिमणीताई
+१. आणि इथेच पाखरूच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय.

पाखरू, तुझा मित्र बरोबर सांगतोय. आत लाव्हाचा समुद्र वगैरे काही नाही. कवचाच्या खाली २८९० किलोमीटरपर्यंत जे आहे ते प्रावरण, आणि ते घन आहे, दगड. जडसा, हिरवट खनिजाचा दगड. तापमान वरच्या बाजूलाच १३०० अंशांच्या आसपास, पण वरचा दाब एवढा की वितळायची सोय नाही. वितळतं कुठे, तर जिथे दगड वर सरकल्याने दाब कमी होतो किंवा भूपट्ट खाली घुसताना सोबत पाणी घेऊन जातो आणि त्याने वितळणबिंदू उतरतो, आणि तेही सगळं नाही, थोडे टक्केच. ज्वालामुखी म्हणजे तो एवढासा रस. त्यावरून आत सगळं पातळ असेल असं वाटणं साहजिक आहे पण तसं नाहीये.

मग घन दगड ढवळला कसा जातो? वेळ द्यावा लागतो. वर्षाला काही सेंटिमीटर. याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा असेल तर स्वीडन-फिनलंडचा किनारा बघ. हिमयुगात तिथे दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता, त्याने जमीन खाली दाबली, खालचं प्रावरण बाजूला सरकलं. बर्फ जाऊन दहाएक हजार वर्षं झाली तरी ते अजून परत येतंय आणि बॉथनियाच्या आखाताच्या उत्तरेला जमीन वर्षाला जवळपास एक सेंटिमीटरने वर येतेय. जुनी बंदरं पाण्यापासून लांब गेली आहेत. भूकंपाच्या लहरींना दणकून घन आणि हजारो वर्षांच्या ओझ्याला वाहतं, असा हा प्रकार.

बंडू_इन्व्हर्टर
हायला भारीच. पण ताई, २८९० किमी खाली काय आहे हे कळलं कसं? रशियाने कोलाला खणून खणून १२ किलोमीटरच गाठले ना?

चिमणीताई
१२,२६२ मीटर, १९८९ मध्ये. शंभरेक अंश तापमान अपेक्षित होतं, निघालं १८०, ड्रिलिंग पुढे रेटेना. आणि हे सगळं कवचातच हां, प्रावरणाला शिवलेसुद्धा नाहीत. समज ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल टेबलावर आहे, तर त्यावर कोलाचं भोक पाव मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. खंडांखालचं कवच मिलिमीटरभर, समुद्राखालचं तर त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढंच. एव्हरेस्ट ०.२ मिमी. विषुववृत्ताशी पृथ्वी फुगलेली असते म्हणतात ना, तो व्यासातला ४३ किमीचा फरक त्या गोलावर फक्त एक मिलिमीटर, बोट फिरवून कळणारसुद्धा नाही.

तर खणून नाही, भूकंप ऐकून. दोन प्रकारच्या लहरी आतून जातात. पी लहरी आवाजासारख्या दाबत-सोडत, त्या कशातूनही जातात. एस लहरी आडव्या हलवत जातात, द्रवातून त्यांना जाताच येत नाही. एस लहरी प्रावरणातून झकास जातात, म्हणून ते घन. २८९० किमीला मात्र गपकन थांबतात, म्हणून त्याखालचा बाह्य गाभा द्रव. तो खराखुरा वितळलेला भाग, पण लोखंड-निकेलचा, दगडाचा नाही. पाखरूच्या डोक्यातला समुद्र शोधायचाच तर तो तिथे आहे, साधारण २२६० किमी जाड.

आणि त्याच्याही आत पुन्हा घन गोळा आहे हे शोधलं इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदींमध्ये काही पी लहरी जिथे पोचायलाच नको होत्या तिथे बारीकशा उमटल्या होत्या. बाकीच्यांनी ते काहीतरी किरकोळ म्हणून सोडून दिलं, या बाईंनी कागदाच्या कार्डांवर हाताने नोंदी लावून १९३६ मध्ये सांगितलं की मध्ये काहीतरी आहे ज्यावरून लहरी उसळतायत. आज तो अंतर्गाभा १२२० किमी त्रिज्येचा धरतात. १०४ वर्षं जगल्या बाई.

शंकेखोर
लोखंडच कशावरून? लहरी काय मटेरियल लिहून देतात का?

गणिती_गाढव
वजन करून. कॅव्हेंडिश या इंग्लिश शास्त्रज्ञाने १७९७-९८ मध्ये घरात पृथ्वी तोलली. लाकडी दांडी तारेने टांगलेली, दोन टोकांना छोटे शिशाचे गोळे, आणि शेजारी दोन मोठे शिशाचे गोळे प्रत्येकी १५८ किलोचे. मोठे गोळे छोट्यांना किती ओढतात ते बघायचं. ओढ इतकी नाजूक की माणूस खोलीत शिरला तर त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलून दांडी डोलेल, म्हणून तो भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने बाहेरून वाचन घ्यायचा. पृथ्वीची सरासरी घनता निघाली पाण्याच्या ५.४८ पट, आजचा आकडा ५.५१. सव्वादोनशे वर्षांपूर्वी!

आता आपल्या पायाखालचे खडक २.७ ते ३. म्हणजे सरासरी ५.५ यायला आत काहीतरी दाबून जड पाहिजे, गाभ्यात १० ते १३ एवढं. विश्वात मुबलक सापडणाऱ्या धातूंमध्ये तिथे बसतं ते लोखंडच. अशनीही लोखंडी सापडतात. त्यात वर चुंबकीय क्षेत्र, म्हणजे आत वीज वाहून नेणारं काहीतरी खळबळतंय. पृथ्वीच्या वस्तुमानात जवळपास एक तृतीयांश लोखंड आहे, ऑक्सिजन थोडा खाली ३० टक्के. हे पोकळ पृथ्वीवाल्यांनाही पाठवा कोणीतरी.

बंडू_इन्व्हर्टर
आतला गोळा सगळ्यात गरम असून घन? आणि २०२३ मध्ये बातमी होती की गाभा फिरायचा थांबला, मला तीन ग्रुपवर आली होती, जगबुडीच्या इमोजीसकट.

चिमणीताई
पाच-साडेपाच हजार अंश आहे, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास. पण दाब वातावरणाच्या ३६ लाख पट, त्यामुळे लोखंड तिथे घनच राहतं. बाहेरचा गाभा थोडा कमी दाबाचा, म्हणून द्रव. पृथ्वी थंड होतेय तसा आतला गोळा इंचाइंचाने वाढतोय, आणि थिजताना हलकी मूलद्रव्यं वर सोडतो, त्यानेच बाहेरचा गाभा ढवळत राहतो.

बातमीचं म्हणशील तर गाभा थांबला म्हणजे *आपल्या तुलनेत* थांबला. तो वरच्या भागापेक्षा किंचित पुढे फिरत होता असं एका गटाचं म्हणणं होतं आणि आता तो फरक संपला असं. दिवसाला एक फेरी चालूच आहे. जगबुडी कॅन्सल.

निवांत_पाखरू
दंडवत लोक्स. पण मग ही आतली उष्णता आपल्याला जाणवत कशी नाही?

गणिती_गाढव
कारण नगण्य आहे. सगळी मिळून ४७ टेरावॅट बाहेर पडते, ऐकायला प्रचंड, पण एका चौरस मीटरमागे वॅटचा दहावा हिस्सासुद्धा नाही. सूर्याकडून शोषली जाते ती सरासरी २४० वॅट. म्हणजे हवामान सगळं सूर्याचं आणि डोंगर, भूकंप, चुंबक हे सगळं त्या ०.०९ वॅटचं. त्यातही साधारण निम्मी उष्णता युरेनियम, थोरियम, पोटॅशियमची आणि बाकीची जन्माच्या वेळची शिल्लक.

शंकेखोर
बरं, आता एक विचारतो, नीट उत्तर द्या. चंद्र बनला तो मंगळाएवढं काहीतरी पृथ्वीवर आदळून, असं तुम्हीच सांगता. तेवढ्या धडकेत सगळं वितळलं असणार. मग घड्याळ तिथे पुन्हा शून्यावर नाही का आलं? तुमचे ४५४ कोटी म्हणजे धडकेच्या आधीचे की नंतरचे?

खडकमाळ
हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. खरं सांगायचं तर ४५४ ही एका घटनेची तारीखच नाही.

क्रम असा आहे. सूर्यमालेतला सगळ्यात जुना घन पदार्थ म्हणजे काही अशनींमध्ये दिसणारे पांढरट ठिपके, १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीत ते भरपूर आहेत, तांदळाएवढे किंवा थोडे मोठे, कॅल्शियम-ॲल्युमिनियमवाले. त्यांचं वय ४५६.७ कोटी. हे शून्य धरा. तिथून धुळीचे गोळे, गोळ्यांचे लघुग्रह, लघुग्रहांचे छोटे ग्रह आणि त्यांच्या टकरा, असं करत पृथ्वी भरत गेली आणि याला काही कोटी वर्षं लागली.

लोखंड खाली बसून गाभा कधी झाला यासाठी वेगळं घड्याळ आहे. हाफ्नियम-१८२ चं टंगस्टन-१८२ होतं, अर्धायुष्य फक्त ८९ लाख वर्षं. हाफ्नियमला दगड प्रिय, टंगस्टनला लोखंड. गाभा खूप उशिरा बसला असता तर सगळं टंगस्टन लोखंडासोबत खाली गेलं असतं. पण आजच्या खडकांमध्ये मूळ अशनींपेक्षा टंगस्टन-१८२ किंचित जास्त आहे, म्हणजे लोखंड खाली गेलं तेव्हा हाफ्नियम अजून शिल्लक होतं आणि ते वरच राहून नंतर बदललं. त्यावरून गाभा बराचसा पहिल्या तीनेक कोटी वर्षांत बसला असा हिशेब निघतो. चंद्रवाली धडक त्याच्या आगेमागे किंवा नंतर, त्यावर अजून मारामाऱ्या चालू आहेत.

दुसऱ्या टोकाला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण. केसाच्या जाडीच्या दोन-चार पट एवढाच कण. मूळ खडक कधीच झिजून गेला, हा कण नव्या वाळूखडकात येऊन बसला. झिरकॉन बनताना युरेनियमला आत घेतो पण शिशाला दारातूनच हाकलतो, त्यामुळे आत जे शिसं सापडेल ते नंतर तयार झालेलं. सगळ्यात जुना कण ४४० कोटींचा. म्हणजे तेव्हा पृष्ठभागावर काहीतरी थिजलेलं होतं, आणि त्यातल्या ऑक्सिजनवरून पाणीही असावं असं दिसतं.

तेव्हा ४५६.७ च्या आधी नाही आणि ४४० च्या नंतर नाही, या दोघांच्या मधल्या लांबलचक बांधकामाला सोयीसाठी एक आकडा दिलाय, ४५४ अधिक-उणे ५. आणि तुमचा मुद्दा बरोबर, झालेल्या वितळण्याने खडकांची घड्याळं पुसली जातात. पण पॅटरसनची पद्धत एकेका खडकाचं घड्याळ नाही बघत, अख्ख्या पृथ्वीतलं युरेनियम-शिशाचं प्रमाण बघते. घरातलं सामान कितीही उलथंपालथं केलं तरी एकूण सामान तेवढंच. मात्र गाभा बसताना थोडं शिसं लोखंडासोबत खाली गेलं असावं, आणि म्हणून या पद्धतीने पृथ्वीचं वय काढलं की काही कोटी वर्षांनी तरुण येतं. म्हणून तर अधिक-उणे.

शंकेखोर
हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतं तर वीस कॉमेंटी वाचल्या असत्या. चला, एक टक्का इकडेतिकडे चालवून घेतो. पण सगळं वितळलेलं होतं तर पाणी टिकलं कसं? का तेही धूमकेतूवरून टँकरने आणलं?

चिमणीताई
टँकरवाला धूमकेतू जवळपास बाद झालाय. पाण्यात साध्या हायड्रोजनसोबत थोडा जड हायड्रोजन असतो, त्याचं प्रमाण जुळवून बघतात. रोझेटा यानाने २०१४ मध्ये ६७पी धूमकेतूपाशी जाऊन मोजलं तर आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालं. एखादा दुसरा धूमकेतू जुळतोही, पण कार्बनवाल्या अशनींचं जास्त चांगलं जुळतं, आणि २०२० मध्ये तर ज्यांना कोरडेठाक समजायचे त्या एन्स्टाटाइट प्रकारच्या अशनींमध्येही पुरेसा हायड्रोजन सापडला. म्हणजे बरंचसं पाणी बांधकामाच्या मालातच होतं. आणि लागतं तरी किती? पृथ्वीवरचं सगळं पाणी गोळा केलं तर १४०० किमीपेक्षा कमी व्यासाचा गोळा होतो, वस्तुमानाच्या ०.०२ टक्के.

खडकमाळ
प्रावरणातल्या खनिजांमध्ये अडकलेलं पाणी वेगळं, २०१४ मध्ये एका ब्राझिलियन हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा कण सापडला त्यात दीडेक टक्का पाणी निघालं. पण यावर स्वतंत्र धागा काढा, इथे आधीच भरपूर अवांतर झालंय. शंकेखोर, तुम्हीच काढा.

शंकेखोर
काढतो. रविवारी.